डॉक्टरची सही घरूनच घेऊन जा

मालदीवच्या एखाद्या रिसॉर्टचं ऑल-इन्क्लुझिव्ह पॅकेज घेतलं की जेवणखाण, बारमधली पेयं, कयाक, स्नॉर्केलिंगचं सामान असं बरंच काही एका रकमेत येतं. त्याच यादीत कुठेतरी ‘स्कूबा डायव्हिंग’ असंही लिहिलेलं असतं आणि मुंबई-पुण्याहून निघालेला माणूस तेवढं वाचून निर्धास्त होतो. तिथं डाइव्ह सेंटरवर गेलं की त्याच्यापुढे एक छापील अर्ज येतो. दमा आहे का? कुठली गोळी चालू आहे का? गेल्या वर्षभरात ऑपरेशन झालंय का? एखाद्या प्रश्नाला ‘हो’ आलं की इन्स्ट्रक्टर नम्रपणे पण ठामपणे सांगतो की आता डॉक्टरची सही लागेल. छोट्याशा बेटावर अशी सही देणारा डॉक्टर असेलच असं नाही. दुसऱ्या बेटावर किंवा मालेला जायचं तर सुट्टीतला दिवस जातो आणि बोटीचं भाडं वेगळं. मग सोबतचं कुणीतरी कानाशी लागतं, ‘अहो, सगळीकडे नाही लिहून मोकळे व्हा, कोण तपासतंय!’

ही वेळ टाळता येते. त्यासाठी तो अर्ज निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे आधी घरी बसून भरायला हवा. पण हल्ली व्हिसा, विमा आणि सनस्क्रीनची यादी करणारी मंडळीही या कागदाचं नाव काढत नाहीत.

आधी पॅकेजचं बघू. बहुतेक ठिकाणी ‘स्कूबा समाविष्ट’ म्हणजे तरणतलावात किंवा किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात एकदाच मिळणारी अर्ध्या-पाऊण तासाची ओळख. खरी समुद्रातली डाइव्ह, बोट, सामान आणि कोर्स यांचे पैसे वेगळे. डाइव्ह सेंटर अनेकदा रिसॉर्टच्या मालकीचंही नसतं. ते चालवणारी कंपनी वेगळी असते. त्यामुळे रिसेप्शनवर कितीही हुज्जत घातली तरी तिथला मॅनेजर तुम्हाला पाण्यात उतरवू शकत नाही. याला अपवाद आहेत. कॅरिबियनमधल्या सँडल्ससारख्या रिसॉर्ट-साखळीत डायव्हिंगचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं कार्ड असलेल्या पाहुण्यांना डाइव्ह पॅकेजमध्येच मिळतात. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे चांगलं ठाऊक असतं. पण आरोग्याचा अर्ज तिथंही भरावा लागतोच. बुक करण्यापूर्वी थेट डाइव्ह सेंटरला ईमेल करून तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: पॅकेजमध्ये नेमकं काय येतं, कुठला वैद्यकीय अर्ज चालतो आणि डॉक्टरची सही किती जुनी चालते. रिसॉर्टच्या बुकिंग विभागाला विचारू नका. तिथून ‘येस सर, ऑल इन्क्लुडेड’ एवढंच उत्तर येईल.

आता अर्जाविषयी. जगभरातली बहुतेक सेंटरं एकच तीन पानी अर्ज वापरतात. पाण्याखालच्या वैद्यकशास्त्रातल्या तज्ज्ञांनी तो तयार केलेला आहे आणि त्याची सध्याची मांडणी २०२० सालची आहे. तो इंटरनेटवर फुकट मिळतो. पहिल्या पानावर १० प्रश्न असतात. सगळी उत्तरं मनापासून ‘नाही’ असतील तर तुमची सही पुरते. काही प्रश्नांना ‘हो’ आलं तर दुसऱ्या पानावरचे सविस्तर प्रश्न सोडवायचे. तीन प्रश्न मात्र असे आहेत की तिथं ‘हो’ म्हणजे थेट डॉक्टर: मध्यम व्यायाम झेपत नाही, गेल्या १२ महिन्यांत शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा डॉक्टरने लिहून दिलेलं औषध चालू आहे. गर्भनिरोधक गोळ्या आणि मलेरियाची बहुतेक औषधं यातून वगळलेली आहेत. बीपीची, थायरॉइडची, शुगरची गोळी वगळलेली नाही. म्हणजे पन्नाशीच्या मराठी घरातल्या निम्म्या माणसांना तरी सही लागणार, असं धरूनच चाला.

व्यायामाचा प्रश्न गमतीचा आहे. १.६ किलोमीटर अंतर १४ मिनिटांत चालता येतं का, किंवा न थांबता २०० मीटर पोहता येतं का, असं तो विचारतो. चालण्याचा हा वेग ताशी जवळजवळ सात किलोमीटर होतो. बागेत गप्पा मारत मारलेल्या फेऱ्या त्यात बसत नाहीत. घड्याळ लावून एकदा चालून बघा. त्यात धाप लागली, तर डाइव्हऐवजी आधी डॉक्टरची भेट ठरवा.

वयाची ४५ ओलांडली म्हणून कुणी अडवत नाही. पण त्या वयापुढे धूम्रपान, वाढलेलं कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब किंवा जवळच्या नातलगाला पन्नाशीच्या आत झालेला हृदयविकार यांतलं काही असेल तर सही लागते. वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, हे सांगायला माणसं का कचरतात कळत नाही. तुमची लायकी ठरवायला ते कुणी विचारत नाही. डॉक्टरने ईसीजी करावा की स्ट्रेस टेस्ट, हे त्यावरून ठरतं.

हे सगळं इतकं काटेकोर का, याचं कारण पाण्याच्या दाबात आहे. १० मीटर खाली गेलात की शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट. हवा दाबाखाली आकसते आणि वर येताना फुगते. पुण्यात घेतलेलं वेफर्सचं पाकीट महाबळेश्वरला टम्म फुगलेलं दिसतं, तेच इथं छातीच्या पिंजऱ्यात होतं, फक्त कितीतरी पटींनी जास्त. टाकीतली हवा छातीत भरून श्वास रोखला आणि माणूस वर आला, तर मीटर-सव्वा मीटरचा चढही फुप्फुस फाटायला पुरतो. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नका’ हा या खेळातला पहिला नियम. दम्याच्या माणसाला तो पाळायची इच्छा असूनही अडचण येते, कारण आकुंचलेल्या श्वासनळ्यांच्या मागे हवा अडकून बसते. ज्यांच्या खिशात ‘पंप’ असतो त्यांनी तो लपवू नये. दम्याला कायमची बंदी राहिलेली नाही. आजार ताब्यात असेल आणि फुप्फुसांची तपासणी चांगली आली तर डॉक्टर होकार देऊही शकतात. मात्र आपोआप न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसातली हवा छातीच्या पोकळीत गळणं) झालेल्या माणसाला बहुतेक तज्ज्ञ नकारच देतात.

कानांचं दुखणं सगळ्यात जास्त जणांना भेटतं. पाण्यात उतरताना पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कानाच्या पडद्यावर दाब जाणवतो. नाक चिमटीत धरून हळू फुंकलं की कान मोकळे होतात. सर्दी झालेली असेल तर ते होत नाहीत. अशा वेळी औषधाच्या दुकानातली सर्दीची गोळी घेऊन किंवा नाकात थेंब टाकून उतरणारे बरेच असतात. थेंबांचा असर पाण्यात असतानाच ओसरला तर खाली जाताना मोकळी असलेली वाट वर येताना बंद होते. आत अडकलेली फुगती हवा मग कान आणि सायनस दोन्हीकडे कळ आणते. खाली जाताना दुखलं तर वर परतता येतं. वर येताना दुखलं तर माणूस कोंडीत सापडतो. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकला. कानाची शस्त्रक्रिया, पडद्याला भोक, ऐकू कमी येणं, तोल जाणं यांतलं काही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. मोतीबिंदूचं किंवा चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन तीन महिन्यांच्या आतलं असेल तर तेही अर्जात येतं.

मधुमेहाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. खाली असताना साखर उतरली तर थरथर, घाम, गोंधळ ही लक्षणं थंडी आणि भीती यांत मिसळून जातात आणि खिशातून ग्लुकोज काढून खाता येत नाही. औषधावर असलेल्या डायव्हरसाठी २००५ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं आहेत. त्यांचा गाभा असा: गोळ्या सुरू होऊन किमान तीन महिने आणि इन्सुलिन सुरू होऊन किमान एक वर्ष स्थिर गेलेलं असावं. गेल्या वर्षभरात दुसऱ्याच्या मदतीची गरज पडेल इतकी साखर उतरलेली नसावी. उतरण्यापूर्वी एक तास, अर्धा तास आणि अगदी आधी अशी तीनदा साखर मोजावी. ती १५० च्या वर असावी आणि स्थिर किंवा चढती असावी. १८० वरून १५५ वर घसरत असेल तर ती डाइव्ह नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या साखर खाली ओढतात. नुसत्या मेटफॉर्मिनचा तसा धोका फार कमी, तरी अर्जात तिचं नाव लिहायचंच. आणि एक खास आपल्याकडचं सांगणं: ट्रिपमध्ये चतुर्थी किंवा एकादशी आली तर डाइव्ह आणि उपास यांतलं एकच निवडा. साबुदाण्याची खिचडी तिथं मिळणार नाही म्हणून नुसत्या फळावर राहून टाकी पाठीवर घेणं हा मधुमेह्यासाठी शुद्ध अविचार आहे.

रक्तदाबाच्या बाबतीत दोन गोष्टी. पाण्यात उतरल्यावर पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर भार वाढतो, आणि ज्यांचं बीपी ताब्यात नाही त्यांच्या फुप्फुसांत पाणी साचण्याचा धोका वाढतो. दुसरी गोष्ट गोळीची. मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांसारख्या गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, त्यामुळे प्रवाहाशी झुंजायची वेळ आली तर ताकद कमी पडू शकते. यात गोळी आपल्या मनाने बंद करणं हा उपाय नव्हे. डॉक्टरला डायव्हिंगचं सांगितलं तर ते गोळी बदलून देण्याचा विचार करू शकतात, म्हणूनही तीन-चार आठवडे हाताशी हवेत. अँजिओप्लास्टी झालेल्यांचंही तसंच. स्टेंट म्हटला की सही आलीच, पण सही म्हणजे नकार नव्हे.

मालदीवला मधुचंद्राला जाणारी जोडपी पुष्कळ, म्हणून हेही. दिवस गेले असतील किंवा त्यासाठी प्रयत्न चालू असेल तर स्कूबा करू नये, असं अर्जातच स्पष्ट लिहिलेलं असतं. यावर डॉक्टरची सही आणूनही उपयोग नाही.

सही कुणाची चालते? कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरची चालते, फक्त ती अर्जाच्या तिसऱ्या पानावर हवी. लेटरहेडवर ‘फिट फॉर स्विमिंग’ लिहून आणलेला कागद परत येतो. तारीख, शिक्का, नोंदणी क्रमांक नीट दिसला पाहिजे आणि सही साधारणपणे १२ महिन्यांच्या आतली लागते. मधल्या काळात नवा आजार किंवा नवी गोळी आली तर जुनी सही बाद समजा. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना हा विषय परका असू शकतो, आणि काहीजण ओळखीखातर तिथल्या तिथे सही ठोकतात. ती सही नुसती मिळवण्यासाठी नको, तपासणी होऊन मिळालेली हवी. अर्जासोबत डॉक्टरांसाठी मार्गदर्शक टिपणंही इंटरनेटवर आहेत. ती छापून घेऊन जा. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारातल्या इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिनमध्ये याच विषयाचं शिक्षण दिलं जातं. नौदलातून निवृत्त झालेले असे डॉक्टर मुंबई-पुणे-गोव्यात गाठता आले तर उत्तमच.

खोटं लिहिल्याने काय होतं? काही वेळा काहीच होत नाही, आणि म्हणूनच लोक लिहितात. पण काही झालं तर विमा कंपनी सगळ्यात आधी तोच अर्ज मागवते. शिवाय आपल्याकडच्या अनेक प्रवास विम्यांत धाडसी खेळ मुळातच वगळलेले असतात. पॉलिसीतलं ते कलम वाचा, आणि ‘स्कूबा’ हा शब्द त्यात कसा आलाय ते बघा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही १९८० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सुरू झालेली संस्था खास डायव्हरांसाठी विम्याची सोय करते. वर्षातून एकदोनदा डायव्हिंग करणाऱ्यांनाही तिचा विचार करता येईल.

आता तिथं गेल्यावरचे नियम. मालवणला किल्ल्याजवळ किंवा गोव्याला ग्रँड आयलंडजवळ डाइव्ह केलेला माणूस ‘मला स्कूबा येतं’ म्हणतो. तिथं इन्स्ट्रक्टरने मागून टाकी धरून फिरवलेलं असतं. तो अनुभव खरा असला तरी त्याचं कार्ड मिळत नाही. कार्ड नसलेल्याला फक्त इन्स्ट्रक्टरसोबत, १२ मीटरपर्यंत नेतात. पहिल्या पातळीच्या कार्डावर १८ मीटर, पुढच्या पातळीवर ३०. जगात इतरत्र हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर मानतात, मालदीवमध्ये ती ३० आहे. तिथल्या प्रवाळबेटांमधल्या खाड्यांतून प्रवाह जोरात वाहतो, त्यामुळे कार्ड आणि लॉगबुक दाखवल्यावरही पहिली डाइव्ह ‘चेक डाइव्ह’ असते: मास्कमधलं पाणी काढून दाखवा, पाण्यात अधांतरी स्थिर राहून दाखवा. वर्षभर पाण्यात गेला नसाल तर उजळणीचे पैसेही लागतील. यात अपमान वाटून घेऊ नये. अर्ज न मागणारं, कार्ड न बघणारं, ‘चलो चलो’ म्हणत बोटीत चढवणारं सेंटर दिसलं तर मी तिथून पाय काढता घेईन, मग ते मालदीवमध्ये असो की आपल्या किनाऱ्यावर.

कार्ड घ्यायचंच असेल तर सगळी सुट्टी वर्गात घालवायची गरज नाही. थिअरी आणि तरणतलावातला भाग मुंबई-पुण्यात आटोपून समुद्रातल्या चार डाइव्ह तिथं करता येतात. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्थाही आहे, पण पावसाळ्यात आपला किनारा बंद असतो, हे धरून बेत आखा. कोर्ससाठी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं यावं लागतं. नुसत्या ओळखीच्या डाइव्हला पोहणं येण्याची अट नसते, तरी पाण्याची भीती असलेल्या माणसाला घरच्यांनी आग्रह करून उतरवू नये.

मुलांचं वय वाढवून सांगू नका. समुद्रातल्या डाइव्हला किमान १० वर्षं लागतात. आठ वर्षांच्या मुलांसाठी तरणतलावात दोन मीटरपर्यंतचा वेगळा कार्यक्रम असतो आणि त्यांना तेवढाच खूप आवडतो.

फुकटच्या बारविषयी बोलायलाच हवं. ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये सकाळी अकरालाही ग्लास हातात येतो. तोंडाला वास आला तर सेंटर सरळ परत पाठवतं, आणि आदल्या रात्रीची जास्त झालेली दारूही शरीरातलं पाणी कमी करते. डाइव्ह सकाळी, बार संध्याकाळी, असं ठरवलं की प्रश्न मिटतो.

परतीचं विमान बघूनच शेवटची डाइव्ह ठरवा. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो, आणि विमानातला कमी दाब त्याचे बुडबुडे करू शकतो. एकच साधी डाइव्ह केली असेल तर १२ तास, रोज किंवा दिवसातून अनेक केल्या असतील तर १८ तास थांबावं, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क सांगतं. मालदीवमधली बरीच सेंटरं सरसकट २४ तास सांगतात, ते ऐकावं. सी-प्लेनही विमानातच मोजतात आणि ते फक्त दिवसाउजेडी उडतं, त्यामुळे हिशेब रात्रीच्या मुंबई विमानापासून न करता सकाळच्या सी-प्लेनपासून करा. कोकणातही हाच हिशेब लागू होतो. समुद्रात खोल डाइव्ह करून त्याच दुपारी आंबोलीमार्गे कोल्हापूर गाठायचं, तर सुमारे ७०० मीटर उंची चढावी लागते. किल्ल्याजवळच्या उथळ फेरीत हा धोका नगण्य, पण कार्डधारकांनी तो विचारात घ्यावा.

डाइव्हनंतर सांधे दुखणं, हातापायांना मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, न जाणारा थकवा यांतलं काही वाटलं तर ‘झोपून उठलं की बरं वाटेल’ म्हणून खोलीवर जाऊ नका, सेंटरला सांगा. ते ऑक्सिजन देतील आणि गरज पडली तर दाबाच्या चेंबरची व्यवस्था करतील. मालदीवमध्ये बंदोस बेटावर असं चेंबर आहे. लक्षणं दुसऱ्या दिवशी, घरी पोचल्यावरही सुरू होऊ शकतात. तेव्हा इथल्या डॉक्टरला ताप, अंगदुखी, व्हायरल यांच्या आधी हे सांगा: काल-परवा मी टाकी लावून समुद्रात खाली गेलो होतो, इतक्या मीटरवर आणि इतक्या वेळा. ते आपणहून विचारणार नाहीत.